टिनावरचे पाणी कुणाच्या भिंतीत?

राजापेठेतल्या आमच्या गल्लीत घराचा पुढचा भाग पाहावा तर स्लॅब, रंग, दारावर अशोकचक्र. मागे जाऊन पाहावे तर सगळ्यांचे सारखेच. टिनाची एक खोली. कुणाची त्यात चूल, कुणाची शिलाई मशीन, कुणाच्या सायकली, सरपण, पाण्याचे ड्रम. पैसा पुढे लागतो, मागे उरेल तो. त्यामुळे टिन चढते, पण टिनावरचे पाणी पडणार कोठे, याचा विचार कुणी करत नाही. आम्हीही केला नव्हता.

आमची मागची खोली बारा फूट लांब, दहा फूट रुंद. उतार सगळा एका बाजूला, आणि त्या बाजूला दीड फुटाची बोळ सोडून शेजारच्या मावशींची भिंत. वीट खरी, पण मातीत रचलेली. पहिल्या वर्षी पागोळ्यांनी बोळीत नांगराच्या तासासारखी एक रेघ पाडली. दुसऱ्या वर्षी त्या रेघेत पाणी साचू लागले आणि शिंतोडे दोन-दोन फूट वर उडू लागले. तिसऱ्या पावसाळ्यात मावशी दारात येऊन म्हणाल्या, "भाऊ, तुमच्या टिनाचं पानी आमच्या भितीत मुरून राह्यलं. पोराची पुस्तकं ओली झाली ना."

आम्ही काय बोललो ते लिहायला लाज वाटते, पण लिहितो. "पाऊस का आम्ही पाडतो मावशी?" असे म्हणालो. त्यानंतर चार महिने आमच्या दोन घरांत बोलणे नव्हते. एका विहारात बसायचे आणि एकमेकांकडे पाहायचे नाही. नातू दहावीला होता, त्याची पेटी त्याच भिंतीला टेकलेली असायची. तो पोरगा आमच्या घरी वही मागायला येत असे, तो यायचा बंद झाला, तेव्हा आमच्या घरच्या मंडळींनी आम्हाला चांगले सुनावले.

नंतर एका ओळखीच्या वकिलांशी बोलताना कळले की छपराचे पाणी हा कायद्याचाही विषय आहे. १८८२ सालचा सुविधाधिकार कायदा आहे. एखाद्याने २० वर्षे उघडपणे, विनातक्रार, हक्क म्हणून आपले पाणी दुसऱ्याच्या जागेत सोडले, तर तो त्याचा हक्क होऊन बसू शकतो. म्हणजे जो गप्प बसतो त्याचे नुकसान. मावशी बोलल्या ते बरेच केले. पण कोर्टात जाण्याएवढी ही गोष्ट नाही. एक पाइप आणि सात पट्ट्यांची आहे.

आधी हिशेब सांगतो, कारण हिशेब केला तेव्हाच आमचे डोळे उघडले. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होते. आमचे टिन १२० चौरस फूट, म्हणजे सुमारे ११ चौरस मीटर. एका मिलिमीटरला ११ लिटर, जवळपास एक घागर. पावसाळाभरात ८०० मिलिमीटर पाऊस धरला तर आठशे घागरी! एवढे पाणी आम्ही दरसाल मावशींच्या भिंतीच्या पायथ्याशी ओतत होतो, आणि त्याच आठवड्यात नळ आला नाही म्हणून घागरी घेऊन गल्लीभर फिरत होतो.

आपल्या शहराला मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाचे पाणी येते, त्यामुळे थोडे तरी बरे. दर्यापूर, भातकुलीकडे, तसेच पुढे अकोल्याच्या पूर्णाकाठी खारपाण पट्टा आहे. तिथली विहीर खारी, बोअर खारी. तिथल्या माणसाला टिनावरचे पाणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. आणि ही युक्ती आजकालची नव्हे. मुंबईला जाणे झाले तर बोरिवलीजवळची कान्हेरी लेणी पाहताना मूर्तींबरोबर दगडात कोरलेले चर आणि लेण्यांजवळची टाकीही पाहा. डोंगरावरचे पावसाचे पाणी चरांतून टाक्यात आणायचे आणि भिक्खूसंघाने ते वापरायचे, अशी ती व्यवस्था. तिथल्या शिलालेखांत या टाक्याला 'पोढी' म्हटले आहे आणि ती दान देणाऱ्यांत साधे उपासक-उपासिकाही आहेत.

तेव्हा पन्हाळी घ्यायला दुकानात जाण्याआधी एक गोष्ट ठरवा. पाणी शेवटी जाणार कोठे? बहुतेक लोक उलटे करतात. पन्हाळी लावतात आणि तिचे तोंड बोळीत सोडतात. पूर्वी बारा फुटांत विखरून पडणारे पाणी मग एकाच जागी धो धो पडते आणि तिथे खड्डा होतो. आम्ही असे ठरवले की पाणी बोळीतून आमच्याच अंगणाकडे वळवायचे, तिथे २०० लिटरचा ड्रम ठेवायचा, आणि ड्रम भरल्यावरचे पाणी वरच्या बाजूच्या नळीने नालीत. ती वरची नळी विसरू नका. वीस मिलिमीटरचा पाऊससुद्धा पुरा होत नाही तोच ड्रम भरतो. मग तो उतू जातो आणि तुमचीच भिंत भिजते.

आता पन्हाळी कशाची घ्यावी? पत्रेवाल्याकडून पत्र्याची वाकवून घेता येते. दिसते छान, टिनाला शोभते. पण गेज विचारून घ्या. आकडा लहान तितका पत्रा जाड. २४ गेज टिकतो, २६ चालतो, त्याहून पातळ पत्रा शिडी टेकताच चेपतो. जिथे कापला, जिथे भोक पाडले, तिथून गंज सुरू होतो, म्हणून कापलेल्या कडांना रेड ऑक्साइड लावून घ्यावे. सांध्याला नुसता रिव्हेट पुरत नाही, डाख हवा. आणि वरच्या अंगाचा तुकडा खालच्या तुकड्याच्या आत उतरला पाहिजे, म्हणजे पाणी सांध्यावरून सरळ पुढे जाते. उलटा जोडला तर प्रत्येक सांधा गळेल.

दुकानात तयार प्लॅस्टिकची पन्हाळीही मिळते, टोपण, कोपरा, क्लॅम्पसहित. चांगली असते, पण एका टिनाच्या खोलीसाठी ती आम्हाला महाग वाटली. आम्ही तिसरा मार्ग धरला, जो वऱ्हाडात सोपा आहे. शेतात पाणी न्यायचा सहा इंची पीव्हीसी पाइप घेतला, बारा फूट कापला, दोन्ही अंगांना सुतळीने रेघ मारून उभा चिरला. एका पाइपाच्या दोन पन्हाळी झाल्या! एक आमची. दुसरी कुणाची, ते वाचकांच्या लक्षात आले असेल. मावशींच्या चुलीवरचेही टिन तेवढेच लांब आहे. अर्धा पाइप खांद्यावर घेऊन आम्ही त्यांच्या दारात गेलो. त्या काही बोलल्या नाहीत. आत जाऊन पाण्याचा गिलास आणला.

चार इंची पाइप चालला नसता का? साध्या पावसात चालला असता. पण नालीदार टिनावरून जोराचे पाणी सरळ खाली पडत नाही, पुढे झेप घेते. अरुंद पन्हाळीवरून ते उडून जाते. टिनाची कड पन्हाळीच्या आत दोनेक इंच आली पाहिजे, आणि पन्हाळीची बाहेरची कड टिनाच्या उताराच्या रेषेपेक्षा जराशी खाली राहिली पाहिजे.

पट्ट्यांसाठी लोहाराकडून एक इंची लोखंडी पट्टी अर्धगोल वाकवून घेतली. दर दोन फुटांवर एक, म्हणजे बारा फुटांना सात. पीव्हीसीला याहून लांब अंतर दिले तर उन्हाळ्यात ते मधून झोळीसारखे लोंबते. पट्ट्या बल्ल्यांच्या टोकांना स्क्रूने बसवल्या. पन्हाळी मात्र पट्टीला घट्ट आवळू नये, नुसती ठेवून वरून तारेने सैल बांधावी. आपल्याकडचे मे महिन्यातले ऊन माहीत आहे. बारा फुटी पाइप हिवाळ्याच्या पहाटेपासून उन्हाळ्याच्या दुपारपर्यंत अर्धा इंच वाढतो. दोन्ही टोके भिंतीत चिणली तर तो कमान होऊन बसेल.

आणि उतार. इथे आमची फजिती झाली. आम्ही टिनाची कड सरळ समजून तिच्यापासून माप घेतले, एका टोकाला कमी, दुसऱ्या टोकाला जास्त. टिनाची कडच मुळात तिरकी होती, बल्ल्या सारख्या नव्हत्या. पहिल्या पावसात पाणी उलट्या बाजूला जाऊन साचले. आठ दिवसांनी शिडीवर चढून पाहतो तर त्यात वळवळणाऱ्या अळ्या! पन्हाळीतले चार बोटे स्वच्छ पाणी डेंग्यूच्या डासाला पुरते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस लागतात. मग गवंडीकाम करणाऱ्या आमच्या मेहुण्यांनी पारदर्शक नळीत पाणी भरून दोन्ही टोकांना खुणा करून दिल्या. नळीतले पाणी दोन्हीकडे एका पातळीत राहते, ते खोटे बोलत नाही. त्या खुणेपासून दहा फुटाला सव्वा इंच, आमच्या बारा फुटाला दीड इंच उतार दिला. दोन टोकांच्या पट्ट्या आधी ठोकाव्या, त्यांत दोरी ताणावी, मधल्या पाच दोरीला लावून. शेवटी वरच्या टोकाला एक तांब्या पाणी ओतून पाहावे. कुठे थांबले तर तिथली पट्टी वर-खाली करावी. खालच्या टोकाला तीन इंची पाइप खाली सोडला, तोंडाशी जाळी.

काम करताना बाईमाणसांनी, पोरांनी शिडी धरायला थांबावेच. टिनाची कड ब्लेडसारखी कापते, हातात जाड फडके घ्यावे. वर वीज आणणारी तार टिनाला टेकत असेल तर मेन बंद केल्याने भागत नाही, कारण ती तार मेनच्या अलीकडची असते. आधी वायरमनला बोलवावे, मग शिडी लावावी. सिमेंटच्या, म्हणजे अ‍ॅस्बेस्टॉसच्या पत्र्यावर तर पाय ठेवूच नये, तो मोडतो. त्याला करवतही लावू नये, भुकटी फुप्फुसात जाते. त्याचे पाणी पिण्याला वापरू नये.

टिनाचेही पहिल्या एक-दोन पावसांचे पाणी नालीतच सोडावे. उन्हाळाभराची धूळ, कावळ्यांची घाण, निंबाचा पाला सगळे त्यात येते. नंतरचे धुण्या-भांड्याला, झाडांना खुशाल वापरा. प्यायचे झाले तर गाळून, उकळून. ड्रमवर जुन्या लुगड्याचे दुपदरी फडके घट्ट बांधावे आणि आठवड्यातून एक दिवस ड्रम रिकामा करून आतून घासावा. आमच्या मागे निंबाचे झाड आहे, त्यामुळे पन्हाळी पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हाताने साफ करावी लागते. कंटाळा येतो. मुलांनी वाटून घेतले आहे, एकदा आमचा, एकदा मावशींचा नातू. दोन्ही घरांच्या पन्हाळी एकाच शिडीने होतात.

हे काम रोहिणी-मृगाच्या आत उरकावे. फार झाले तर आषाढ पौर्णिमेच्या आधी, वर्षावास सुरू होईपर्यंत. त्यानंतर विहारात ग्रंथवाचन चालू होते आणि संध्याकाळी कुणाला वेळ राहत नाही.

मावशींच्या भिंतीचे पोपडे मात्र अजून गळतात. तीन वर्षांचे मुरलेले पाणी एका उन्हाळ्यात वाळत नाही. खालचे तीन फूट खरडून नवा गिलावा करून देण्याचे आम्ही कबूल केले आहे. वाळू आणून बोळीच्या तोंडाशी ठेवली आहे, मेहुण्यांना सवड मिळायची आहे.