तासिकेचे मोल

प्रवराकाठच्या बेलापुरात काय किंवा मुंबईत काय, वर्गात शिक्षकाच्या हाती भ्रमणध्वनी दिसला की पालक संतापतात. हा संताप अनाठायी नाही. ४० विद्यार्थ्यांच्या वर्गात शिक्षकाने ३ मिनिटे त्यात घालविली, तर विद्यार्थ्यांची मिळून १२० मिनिटे वाया जातात.

परंतु सारा दोष शिक्षकाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. पोषण आहाराची दैनंदिन नोंद, 'सरल'वरील माहिती ही कामे शासनानेच त्याच्यावर सोपविली आहेत. जिल्हा परिषदेच्या प्राथमिक शाळेत लिपिकही नसतो. २००९च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ने जनगणना, आपत्तिनिवारण व निवडणुका यांखेरीज अशैक्षणिक कामांना मनाई केली. माहिती भरण्याचे काम मात्र मागील दाराने वर्गात शिरले.

तेव्हा नियम दुहेरी हवा. २०१७मध्ये आलेल्या 'दीक्षा'वरील पाठासारख्या अध्यापनाच्या कामापुरताच भ्रमणध्वनी वापरावा, एरवी तासिकेत तो कपाटात राहावा. आणि वरिष्ठ कार्यालयांनीही अध्यापनाच्या वेळेत माहिती मागवू नये. माहिती उद्याही भरता येईल. बुडालेली तासिका मुलांना कोण भरून देणार?