जुन्या बुलेटची नाडीपरीक्षा

आपल्या पुष्कळ घरांच्या अंगणात किंवा वाड्याच्या देवडीत आजही एखादी जुनी बुलेट उभी असलेली दिसते. बेळगाव, महू यांसारख्या छावणीच्या गावांत तर ह्या गाडीचा ठोका बालपणापासूनच कानांत बसलेला असतो. मूळची इंग्लंडमधील रेडिचची ही गाडी १९५५ साली मद्रासला आली आणि पुढे तेथील तिरुवोत्रियूरच्या कारखान्यात पूर्णपणे बनू लागली. ३४६ घन सेंटिमीटरचे एकच बिडाचे सिलिंडर, ७० मिलिमीटर व्यासाचा पिस्टन आणि त्याची ९० मिलिमीटरची लांब धाव, ह्यांमुळे तिला तो संथ आणि भारदस्त ठोका लाभला.

हाच ठोका एखादे दिवशी अडखळू लागतो. चौकात गाडी थांबवली की इंजिन धापा टाकते, मध्येच एखादा ठोका चुकवते आणि बंद पडते. कधी पोटातून खडखड ऐकू येते. मग कोणीतरी जाणता म्हणतो, ‘इंजिन खोलावे लागेल.’ येथे मालकाने थोडे थांबावे. मंद चाल बिघडण्याची बहुतेक कारणे इंजिन न उघडताच सापडतात, आणि घाईने उघडलेले इंजिन पुन्हा पूर्वीसारखे बसेलच असे नाही. ह्याउलट, एक आवाज असा आहे की तो ऐकू येताच गाडी जागच्या जागी थांबवावी. हे दोन्ही प्रसंग वेगळे ओळखता आले, तर पुष्कळ खर्च टळतो आणि गाडीही भंगारात जाण्यापासून वाचते.

प्रथम मंद चालीचा विचार करू. कार्बुरेटरचा स्क्रू बाहेरच असल्यामुळे पहिला हात त्याच्याकडेच जातो. परंतु त्याची पाळी शेवटी यावयास हवी. दोष व्हॉल्व्हचा अथवा ठिणगीचा असताना स्क्रू फिरवला, तर दोष तसाच राहतो आणि मिश्रण मात्र बिघडते.

म्हणून सुरुवात टॅपेटपासून करावी. इंजिन पूर्ण थंड असावे. पिस्टन दाबाच्या फेरीत अगदी वर आणून ठेवावा आणि सिलिंडरच्या उजव्या बाजूचे लहान झाकण काढावे. आतील पुशरॉड बोटांनी सहज गोल फिरला पाहिजे, परंतु वरखाली हलता कामा नये. तो आवळलेला असेल तर व्हॉल्व्ह नीट मिटत नाही, दाब निसटतो आणि कालांतराने व्हॉल्व्ह जळतो. शांत चालणारा घट्ट टॅपेट हा किंचित वाजणाऱ्या सैल टॅपेटपेक्षा अधिक घातक, हे विसरू नये.

त्यानंतर ठिणगी. पॉइंट पूर्ण उघडले असता त्यांत ०.३५ ते ०.४० मिलिमीटर फट असावी. ते काळेनिळे होऊन जळत असतील तर कंडेन्सरवर संशय घ्यावा. पिस्टन शिखरापासून ०.८ मिलिमीटर खाली असतानाच पॉइंट उघडू लागले पाहिजेत. पॉइंटच्या मागे वजने आणि बारीक स्प्रिंगा असतात. स्प्रिंगा सैलावल्या किंवा वजने अडकली, तर मंद चालीतही ठिणगी वेळेआधी पडते. इंजिन कधी धावते, कधी दम तोडते, आणि किक उलटी बसून पायाला इजा होते.

आता कार्बुरेटर. प्लग काढून त्याचा रंग पाहावा. कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त. पांढुरका असेल तर हवा जास्त. फिकट तपकिरी असेल तर मिश्रण योग्य. हवा जास्त असेल, तर कार्बुरेटर आणि इंजिन ह्यांच्या सांध्यावर कुंचल्याने थोडे इंजिन ऑइल लावावे. त्यासरशी चाल बदलली, तर सांध्यातून हवा शिरते आहे असे समजावे. जास्त आवळल्यामुळे ती पट्टी वाकलेली असणे हे नेहमीचे कारण आहे. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. त्याने जुन्या धाटणीचे रबर फुगते वा चिरते, आणि त्यात पाणीही शोषले जाते. म्हणून गाडी महिनोन्‌महिने उभी राहणार असेल तर कार्बुरेटर रिकामा करून ठेवावा.

आवाजाची परीक्षा मोकळ्या जागेत करावी, कारण बंद खोलीत इंजिनाचा धूर प्राणघातक ठरतो. लांब पेचकसाचे टोक इंजिनाला आणि मूठ कानाशी लावली की ती वैद्याच्या नळीचे काम करते. हात आणि कपडे मात्र फिरत्या भागांपासून दूर ठेवावेत. व्हॉल्व्ह दोन फेऱ्यांत एकदाच उघडतो. म्हणून इंजिन मिनिटाला ८०० फेरे घेत असता टॅपेटची टकटक ४०० वेळाच होते. ती वरच्या भागातून, हलकी आणि कोरडी येते. डाव्या बाजूची खळखळ क्लच दाबताच बदलली, तर ती क्लचची. थंडपणी होणारा आणि इंजिन तापल्यावर मावळणारा पोकळ खडखडाट पिस्टनचा असून तो काही काळ सोसता येतो. चढावर वरच्या गिअरमध्ये काचेसारखी किणकिण झाली, तर ठिणगी फार लवकर पडते आहे किंवा आत कार्बन साचला आहे.

राहिला तो भयसूचक आवाज. खालच्या भागातून, प्रत्येक फेरीला, हातोड्याने लाकूड ठोकावे तसा घुमणारा आणि भार पडताच वाढणारा ठोका आला, तर तो कनेक्टिंग रॉडच्या खालच्या टोकाचा, म्हणजे बिग एंडचा समजावा. ह्या गाडीत तेथे पुष्कळदा तरंगता बुश असतो, आणि त्याचे सारे आयुष्य ऑइलवर अवलंबून असते. अशा वेळी ‘घरापर्यंत तरी नेऊ’ हा विचार सोडून गाडी टेम्पोत चढवावी. येथे इंजिन खोलणे खरोखरच अटळ असते. तसेच चालवले तर रॉड तुटून क्रँककेसच फुटू शकते.

ही वेळ येऊ नये म्हणून गाडीसोबत एक लहान वही ठेवावी. ऑइल आणि त्याचा फिल्टर कधी बदलला, पॉइंटची फट किती होती, प्लगचा रंग कसा होता, हे तारखेसह लिहावे. पुढे गाडी मुलाच्या वा नातीच्या हाती गेली म्हणजे किल्लीबरोबर ती वहीही द्यावी.