बॅकअप होता, तरी नेट गेलं!

आधीच सांगते, कॉन्व्हेंटमध्ये शिकल्यामुळे माझं मराठी जरा तोडकंमोडकं आहे. चूकभूल द्यावी घ्यावी!

आपल्या होस्टेलच्या राउटरला दोन लाइन्स आहेत. एक मेन फायबर आणि दुसरी स्लो बॅकअप. मागच्या सेमिस्टरला सरांनी बॅकअप राउट टाकायचं काम मला दिलं. मी टाकला, टेस्ट केला आणि आठवडाभर भाव खाल्ला. मग एका रात्री मेन लाइन गेली, बॅकअप चालूच झाला नाही आणि माझ्या रूममेटची इंटर्नशिपची ऑनलाइन टेस्ट अर्ध्यात लटकली. मोबाइलचा हॉटस्पॉट जोडेपर्यंत टेस्ट लॉक! ती मला काहीच बोलली नाही, त्याचंच जास्त वाईट वाटलं. म्हणून हा लेख.

ज्या पत्त्याचा रस्ता राउटरला ठाऊक नाही, ते पॅकेट कुठे ढकलायचं हे डिफॉल्ट राउट सांगतो. सिस्को राउटरवर मी दोन ओळी लिहिल्या होत्या (पत्ते नमुन्याचे आहेत):

आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९२.०.२.१
आयपी राउट ०.०.०.० ०.०.०.० १९८.५१.१००.१ १०

शेवटचा १० म्हणजे ॲडमिनिस्ट्रेटिव्ह डिस्टन्स. हा आकडा जितका लहान, तितका त्या राउटवर भरवसा जास्त. स्टॅटिक राउटचा आकडा मुळात १ असतो. त्यामुळे १० वाला राउट टेबलमध्ये दिसतच नाही. पहिला गेला की तो वर येतो, म्हणून त्याला फ्लोटिंग स्टॅटिक म्हणतात. (मेन डिफॉल्ट राउट ओएसपीएफकडून येत असेल, तर त्याचा आकडा ११० असतो. मग बॅकअपला त्याहून मोठा आकडा द्यायचा.)

मग घोळ कुठे झाला? मी राउटरची केबल उपटून टेस्ट केली होती. पोर्ट डाउन झाला, राउट गेला, बॅकअप आला. पण त्या रात्री बिघाड फायबरच्या डब्याच्या पलीकडे होता. राउटर ते डबा केबल ठीक, पोर्ट अप, म्हणून राउटही जागेवर! मेसचं दार उघडं दिसतं म्हणून आपण रांगेत उभे, आणि आत गॅस संपलेला, तसंच हे.

उपाय म्हणजे आत डोकावायला माणूस पाठवायचा. आयपी एसएलए दर काही सेकंदांनी प्रोव्हायडरच्या पलीकडच्या एका भरवशाच्या पत्त्याला पिंग करतं. पहिल्या ओळीच्या शेवटी ‘ट्रॅक १’ जोडून ते ट्रॅक या पिंगला बांधायचं. उत्तर थांबलं की मेन राउट निघतो.

इथे अजून एक खड्डा आहे. मेन राउट निघाल्यावर पिंगही बॅकअपवरून जातं, उत्तर मिळतं, मेन राउट परत येतो, पुन्हा पडतो. बाहेरच्या टपरीवर वडापाव खाऊन ‘मेस चालू आहे’ सांगणारा मित्रच! म्हणून पिंगच्या पत्त्यासाठी ‘२५५.२५५.२५५.२५५’ मास्कचा वेगळा राउट फक्त मेन लाइनवरून द्या. तोच पत्ता डीएनएस म्हणून वापरू नका, नाहीतर लाइन गेली की तोही जाईल. आणि नॅट दोन्ही लाइन्सवर हवं, हे विसरू नका.

आता मी टेस्ट करताना डब्याच्या मागची फायबर काढते. परवा रूममेटची दुसऱ्या कंपनीची टेस्ट होती. लाइन गेली नाही. पण हॉटस्पॉट मात्र तिने आधीच चालू करून ठेवला होता!