अग्निसंरक्षण जिल्हा (कॅलिफोर्निया)

अग्निसंरक्षण जिल्हा ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील, मुख्यतः शहरांच्या हद्दीबाहेर आढळणारी आणि अग्निशमन व आपत्कालीन मदत या कामांसाठीच स्थापन झालेली स्थानिक स्वराज्य संस्था होय. तिला स्वतःची हद्द, स्वतःचे संचालक मंडळ आणि कर लावण्याचा मर्यादित अधिकार असतो. येथील 'जिल्हा' या शब्दाचा महसुली जिल्ह्याशी संबंध नाही. अमेरिकेत महसुली जिल्ह्याशी साधारणपणे तुलना होऊ शकते ती काउंटीची. एका काउंटीत असे अनेक अग्निजिल्हे असू शकतात आणि त्यांपैकी काहींच्या हद्दीत जेमतेम काहीशे घरे असतात. प्रस्तुत लेखात कॅलिफोर्निया राज्यातील अशा लहान ग्रामीण जिल्ह्यांचा कारभार आणि अर्थव्यवहार यांची माहिती दिली आहे.

कायदेशीर रचना

कॅलिफोर्नियातील अग्निजिल्हे 'अग्निसंरक्षण जिल्हा कायदा, १९८७' या कायद्यानुसार चालतात. त्याने १९६१ च्या कायद्याची जागा घेतली. राज्याच्या आरोग्य व सुरक्षा संहितेत कलम १३८०० पासून तो समाविष्ट आहे. जिल्ह्याचा कारभार विषम सदस्यसंख्येच्या संचालक मंडळाकडे असतो. लहान जिल्ह्यांत हे सदस्य बहुधा तीन किंवा पाच असतात. ते मतदारांकडून निवडले जातात किंवा काउंटीच्या पर्यवेक्षक मंडळाकडून नेमले जातात. जिल्ह्याची स्थापना, हद्दवाढ वा विलीनीकरण यांसाठी प्रत्येक काउंटीतील स्थानिक संस्था स्थापना आयोगाची मान्यता लागते.

संस्था कितीही लहान असली तरी तिला सार्वजनिक संस्थेची सर्व बंधने लागू होतात. मंडळाच्या नियमित सभेची कार्यक्रमपत्रिका ७२ तास आधी जाहीर करावी लागते. प्राथमिक अंदाजपत्रक ३० जूनपर्यंत आणि अंतिम अंदाजपत्रक १ ऑक्टोबरपर्यंत संमत करावे लागते. लेखापरीक्षण आणि राज्य नियंत्रकाकडे पाठवायचा आर्थिक अहवालही टळत नाही. मोठ्या शहराच्या अग्निशमन दलात हे काम स्वतंत्र विभाग करतो. लहान जिल्ह्यात ते अर्धवेळ लिपिकाच्या आणि पुष्कळदा नाममात्र मानधनावर काम करणाऱ्या दलप्रमुखाच्या वाट्याला येते.

सज्जतेचा खर्च

अग्निजिल्ह्याचा बराचसा खर्च आग विझवण्यावर नव्हे, तर आग लागण्याची वाट पाहण्यावर होतो. वर्षातून घराची एकच आग लागली तरी बंब, जवानांचे संरक्षक पोशाख, श्वसनयंत्रे आणि बिनतारी संच तयार ठेवावेच लागतात. राष्ट्रीय अग्निसंरक्षण संघटनेच्या (एनएफपीए) मानकांनुसार संरक्षक पोशाख दहा वर्षांनी बाद करावा लागतो, मग तो फारसा वापरला गेलेला नसला तरी. श्वसनयंत्रांच्या संमिश्र पदार्थांच्या टाक्यांचे आयुष्य सर्वसाधारणपणे १५ वर्षांचे असते आणि दर पाच वर्षांनी त्यांची दाबचाचणी घ्यावी लागते. जुने बंब १५ वर्षांनंतर राखीव म्हणून वापरावेत व २५ वर्षांनंतर सेवेतून काढावेत, अशी शिफारस आहे. ग्रामीण केंद्रांत मात्र याहून जुनी वाहने वापरात राहिलेली आढळतात. नव्या बंबाची किंमत एखाद्या लहान जिल्ह्याच्या संपूर्ण वार्षिक अंदाजपत्रकाहून अधिक असू शकते, हे त्याचे सरळ कारण होय.

मनुष्यबळाच्या बाबतीतही असाच किमान उंबरठा आहे. संघराज्याच्या श्वसनसुरक्षा नियमानुसार पेटलेल्या इमारतीत दोन जवान शिरले, तर बाहेर आणखी दोघे सज्ज असले पाहिजेत. जीव वाचवण्याच्या तातडीच्या प्रसंगीच त्याला अपवाद आहे. त्यामुळे दोघेच घटनास्थळी पोहोचले, तर एरवी त्यांना बाहेरूनच पाणी मारत थांबावे लागते. शिवाय ग्रामीण भागात रस्त्यालगत हायड्रंट नसतात. पाणी टँकरने आणून तात्पुरत्या हौदात ओतायचे आणि तेथून बंबाने ओढायचे, अशी साखळी उभी करण्यास चालकांसह आणखी माणसे लागतात.

प्रत्यक्षात येणारे बहुतेक बोलावणे आगीचे नसतेच. २०२० मध्ये अमेरिकेतील अग्निशमन दलांना आलेल्या बोलावण्यांपैकी सुमारे ४ टक्केच आगीची होती आणि जवळपास दोन तृतीयांश वैद्यकीय मदतीची. महामार्गावरील ग्रामीण जिल्ह्यात अपघातग्रस्त हा बहुधा तेथे कोणताही कर न भरणारा प्रवासी असतो.

स्वयंसेवक

ही व्यवस्था टिकून आहे ती मुख्यतः स्वयंसेवकांमुळे. एनएफपीएच्या अंदाजानुसार २०२० मध्ये देशातील सुमारे १०,४१,२०० अग्निशामकांपैकी ६,७६,९०० (६५ टक्के) स्वयंसेवक होते. १९८४ मध्ये हीच संख्या ८,९७,७५० होती. घट होत असतानाच त्यांच्यावरील अपेक्षा वाढल्या आहेत. प्रशिक्षणाचे तास, प्रथमोपचाराची प्रमाणपत्रे आणि त्यांचे नूतनीकरण यांसाठी नोकरीनंतरचा वेळ द्यावा लागतो. गावात रोजगार नसल्याने तरुण दिवसा दूरच्या शहरात असतात. परिणामी रात्री सहा जण हजर होणाऱ्या केंद्रात दुपारी एखादाच निवृत्त गृहस्थ उपलब्ध असतो.

स्वयंसेवक म्हणजे फुकट मनुष्यबळ, ही समजूत मात्र चुकीची आहे. कॅलिफोर्नियाच्या कामगार संहितेनुसार नोंदणीकृत स्वयंसेवक अग्निशामक नुकसानभरपाईच्या दृष्टीने कर्मचारीच मानला जातो. त्याचा विमाहप्ता जिल्हा भरतो. अनेक जिल्हे प्रत्येक बोलावण्यामागे काही मोबदला देतात, पण ही रक्कम वाढत गेल्यास वेतनविषयक कायद्यांखाली तो 'स्वयंसेवक' राहत नाही.

मालमत्ता कर व प्रस्ताव १३

जिल्ह्याच्या उत्पन्नाचा कणा म्हणजे मालमत्ता कर. ६ जून १९७८ रोजी मतदारांनी संमत केलेल्या 'प्रस्ताव १३' या घटनादुरुस्तीने या कराचा सर्वसाधारण दर करनिर्धारित मूल्याच्या १ टक्क्यापुरता मर्यादित केला. मालमत्ता विकली जाईपर्यंत किंवा तिच्यात नवे बांधकाम होईपर्यंत हे मूल्य वर्षाला २ टक्क्यांहून अधिक वाढवता येत नाही. तोपर्यंत प्रत्येक संस्था आपापल्या गरजेनुसार दर ठरवत असे. आता एकाच टक्क्याची वाटणी काउंटी, शाळा, शहरे व विशेष जिल्हे यांच्यात करणे भाग पडले. १९७९ च्या कायद्याने ही वाटणी कायम केली आणि तिचा आधार ठरले १९७८ पूर्वीचे वाटे.

या सूत्राचा फटका काटकसरीने चाललेल्या जिल्ह्यांना बसला. ज्या गावाने सत्तरच्या दशकात दोन जुने बंब आणि स्वयंसेवक यांच्या बळावर अत्यल्प कर घेऊन काम चालवले, त्याचा वाटा तेवढाच गोठला. पगारी जवान ठेवणाऱ्या शेजारच्या जिल्ह्याचा मोठा वाटा कायम राहिला. उदाहरणादाखल, ३,००,००० डॉलर मूल्याच्या घरावर ३,००० डॉलर कर बसतो. त्यात ५ टक्के वाटा असलेल्या जिल्ह्यास १५० डॉलर मिळतात, तर १५ टक्के वाटा असलेल्यास ४५०. दोन्ही घरांचे मालक सारखाच कर भरतात आणि बहुधा सारख्याच सेवेची अपेक्षा करतात. पुढे गावाची लोकसंख्या वाढली, स्वयंसेवक घटले, तरी जिल्ह्याला हा वाटा स्वतःच्या निर्णयाने बदलता येत नाही.

दुसरी अडचण सरकारी जमिनीची. कॅलिफोर्नियाची सुमारे ४५ टक्के जमीन संघराज्याच्या मालकीची आहे आणि तिच्यावर मालमत्ता कर लागत नाही. तिच्याऐवजी संघराज्य देते ती रक्कम काउंटीकडे जमा होते.

तिसरी अडचण वेळेची आहे. आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होते, पण कराच्या पहिल्या हप्त्याची अंतिम मुदत १० डिसेंबर आणि दुसऱ्याची १० एप्रिल असते. म्हणजे वणव्यांच्या ऐन मोसमात, जुलै ते नोव्हेंबर या काळात, तिजोरी जवळजवळ कोरडी असते. गंगाजळी नसलेल्या जिल्ह्यास काउंटीच्या कोषाध्यक्षाकडून उचल घ्यावी लागते. राज्यघटनेनुसार ती अपेक्षित उत्पन्नाच्या ८५ टक्क्यांपर्यंत मिळू शकते.

विशेष कर आणि आकारणी

उत्पन्न वाढवण्याचे दोन मुख्य मार्ग उरतात. भूखंडामागे ठरावीक रकमेचा विशेष कर लावायचा असेल, तर मंडळाने मांडलेल्या प्रस्तावास दोन तृतीयांश मते लागतात. साठ टक्के मतदार अनुकूल असूनही कर फेटाळला जातो तो यामुळेच. नागरिकांनी स्वाक्षऱ्या गोळा करून मांडलेल्या विशेष करास साधे बहुमत पुरेसे आहे, असे अपील न्यायालयांनी २०२० मध्ये स्थानिक करांच्या प्रकरणांत म्हटले. दुसरा मार्ग लाभ-आकारणीचा. १९९६ च्या 'प्रस्ताव २१८' नुसार तिच्यासाठी मालमत्ताधारकांचे टपाली मतदान घ्यावे लागते आणि मताचे वजन देय रकमेनुसार ठरते. प्रत्येक मालमत्तेस मिळणारा विशेष लाभ अभियंत्याच्या अहवालाने सिद्ध करावा लागतो.

नव्या बांधकामांवर केंद्र वा बंबासाठी शुल्क लावण्याचा अधिकार खुद्द अग्निजिल्ह्यास नाही. ते काउंटीने किंवा शहराने त्याच्या वतीने लावावे लागते. १९९३ मध्ये सार्वजनिक सुरक्षेसाठी मंजूर झालेल्या अर्धा टक्का विक्रीकरातही स्वतंत्र अग्निजिल्ह्यांना निश्चित वाटा नाही. २०११ मध्ये राज्याने आपल्या वनाग्नी-जबाबदारीच्या क्षेत्रातील घरांवर वार्षिक शुल्क लावले. स्थानिक अग्निसेवेच्या हद्दीतील घरांना ३५ डॉलर सूट होती, पण रक्कम वणवा प्रतिबंधासाठी राज्याकडेच जात असे. आपण आधीच शुल्क भरतो, असे समजून रहिवासी स्थानिक कराला विरोध करतील, अशी भीती जिल्ह्यांना वाटे. हे शुल्क २०१७ मध्ये स्थगित झाले.

अनुदाने व अन्य उत्पन्न

संघराज्याच्या 'अग्निशामक साहाय्य अनुदान' योजनेतून २००१ पासून पोशाख, श्वसनयंत्रे व वाहने यांसाठी पैसा मिळतो. २०,००० पर्यंत लोकसंख्येच्या भागातील संस्थेस ५ टक्के स्वहिस्सा भरावा लागतो. मनुष्यबळासाठीचे वेगळे अनुदान मुदतबंद असते. मुदत संपली की पगाराचा भार जिल्ह्यावर येतो. म्हणून अनुभवी मंडळे ते स्वीकारण्यापूर्वी चौथ्या वर्षाचा हिशेब मांडतात.

राज्यातील मोठ्या वणव्यांवर बंब व चमू पाठवल्यास करारानुसार परतफेड मिळते, आणि काही लहान जिल्ह्यांना तिचा मोठा आधार असतो. परंतु ही रक्कम उशिरा येते आणि बंब बाहेर असताना गाव उघडे पडते. स्वयंसेवकांच्या संघटना पॅनकेकची न्याहारी, बार्बेक्यू असे कार्यक्रम करून लहानसहान साहित्य घेतात. त्यातून गावाशी नाते टिकते. बंब येत नाही.

करविरहित वर्गणीची पद्धत देशाच्या इतर काही भागांत आहे. टेनेसी राज्यातील साउथ फल्टन शहराचे दल हद्दीबाहेरील घरांना वार्षिक ७५ डॉलर वर्गणीवर सेवा देत असे. सप्टेंबर २०१० मध्ये वर्गणी न भरलेले एक घर दलाच्या डोळ्यांदेखत जळू दिले गेले. शेजाऱ्याची वर्गणी भरलेली असल्याने त्याचे शेत मात्र वाचवण्यात आले. या घटनेवर देशभर वाद झाला.

विलीनीकरण आणि करार

उत्पन्न अपुरे पडल्यास जिल्हा शेजारच्या जिल्ह्यात विलीन होतो, काउंटीकडे जातो किंवा राज्याच्या 'कॅल फायर' या विभागाशी सेवाकरार करतो. 'अमाडोर योजने'त, वणव्यांच्या मोसमाबाहेर एरवी बंद राहणारे राज्याचे केंद्र स्थानिक संस्था वाढीव खर्च भरून हिवाळ्यातही चालू ठेवते. विलीनीकरणात मोठ्या जिल्ह्याच्या मंडळास लहान जिल्ह्याचा अपुरा करवाटा खुपतो आणि लहान गावास आपले केंद्र बंद होण्याची धास्ती असते. केंद्रापासून रस्त्याने पाच मैलांपलीकडील घरे विम्याच्या अग्निवर्गीकरणात सर्वसाधारणपणे दहाव्या, म्हणजे शेवटच्या वर्गात जात असल्याने ही धास्ती निराधार नसते. वणव्याच्या जोखमीमुळे विमा कंपन्या ग्रामीण भागातील अनेक पॉलिसींचे नूतनीकरण नाकारू लागल्यापासून, 'केंद्र टिकवा, हप्ता कमी राहील' हा करप्रस्तावाच्या प्रचारातील जुना मुद्दा मात्र पूर्वीइतका प्रभावी राहिलेला नाही.