बंद घराची राखण

मृगाच्या पेरण्या आटोपून पहिली कोळपणी झाली, की आमच्या घाटनांदूर भागातील पुष्कळ शेतकरी कुटुंबांस पंढरीचे वेध लागतात. पूर्वी एकत्र कुटुंबाच्या काळी कोणी वारीस वा काशीस गेले तरी घरास कुलूप लागण्याचा प्रसंग क्वचित येई. एखादी म्हातारी आजी ओसरीवर बसलेली असे, आणि ती एकटी चार कुलपांच्या मोलाची होती. हल्ली मुले पुण्यास किंवा लातुरास नोकरीवर असतात. गावी उरलेली नवराबायको निघाली की घर आठ-पंधरा दिवस बंद, हा नित्याचा प्रकार झाला आहे.

अशा वेळी आपली दृष्टी प्रथम कुलपाकडे जाते. वस्तुतः कुलूप चोरास अडवीत नाही, केवळ खोळंबविते. जुन्या वाड्याच्या दारास आतून अडसर असे. तो भक्कम खरा, परंतु आत माणूस असेल तरच. बाहेरचे कुलूप कोयंड्याच्या आधारे लटकते, आणि चोर कुलपाच्या वाटेस न जाता पहारीने कोयंडाच उपटतो. तेव्हा पैसा खर्चावयाचा तर तो कोयंड्यावर खर्चावा. कोयंडा खिळ्यांनी न ठोकता आरपार बोल्ट घालून आतून नट आवळून बसवावा. शिवाय पुढील दारावर लोंबणारे कुलूप घरात कोणी नसल्याची दवंडीच पिटत असते. ज्यांच्या घरास मागील दार आहे त्यांनी पुढील दार आतून अडसराने बंद करून कुलूप मागे लावावे.

नेवासे तालुक्यातील शनिशिंगणापूर हे बिनदाराच्या घरांसाठी सर्वश्रुत आहे. तेथे २०११ साली एका बँकेने कुलपाविना शाखा उघडली, त्याचे मोठे कौतुक झाले. परंतु त्याच गावी २०१० साली एका यात्रेकरूने चोरीची तक्रार केली होती, आणि २०१५ साली तेथे पोलीस ठाणेही आले. श्रद्धेस बाध न आणता इतके म्हणता येईल, की ज्या गावी रात्रंदिवस माणसांचा राबता आहे तेथील रीत रानातल्या एकाकी वस्तीस लागू पडत नाही.

घराची खरी राखण शेजारी करतो. त्याने रोज दारात सडा टाकावा, संध्याकाळी दिवा लावून सकाळी न चुकता मालवावा. भर दुपारी जळणारा दिवाही कुलपाइतकाच बोलका असतो. पोलीस पाटलासही प्रवासाचे दिवस कळवावेत. महाराष्ट्र ग्राम पोलीस अधिनियम, १९६७ अन्वये गावातील गुन्ह्यांस आळा घालणे हे त्याचे कर्तव्यच आहे. मात्र मुलांनी चंद्रभागेच्या वाळवंटातील छायाचित्रे मोबाईलवर त्याच दिवशी सर्वांस दाखवू नयेत, परतल्यावर खुशाल दाखवावीत.

येथे एक गोष्ट स्पष्ट लिहिणे भाग आहे. चोरी झाली की संशयाचे बोट आधी पारध्यांच्या पालाकडे वळते. त्या लोकांवरील गुन्हेगारीचा कायदेशीर शिक्का ३१ ऑगस्ट १९५२ रोजी पुसला गेला, आपल्या मनातला अद्याप पुसला गेला नाही. पेटी कोठे आहे हे ज्यास ठाऊक असते तो पुष्कळदा घरात जाण्यायेण्यातलाच असतो.

आता पेटीविषयी. दागिने आणि जमिनीचे कागद एकाच पेटीत ठेवण्याची आपल्याकडे सार्वत्रिक रीत आहे, आणि दप्तरात आयुष्य गेलेल्या माणसास ती पाहून धडकी भरते. चोर पेटी जागेवर फोडीत बसत नाही. ती उचलून शिवारात नेतो, दागिने काढतो आणि कागद ओढ्यात टाकतो. वर आषाढाचा पाऊस! सोने दोन हंगाम साधले तर पुन्हा घडविता येते; कागदाचे तसे नाही. सात-बारा आता डिजिटल स्वाक्षरीसह घरबसल्या मिळतो. नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधकाकडे मिळते. परंतु भावाभावांतील घरगुती वाटणीपत्र, पैसे दिल्याच्या जुन्या पावत्या, निजामी अमदानीतील उर्दू वा मोडी कागद, ह्यांची दुसरी प्रत बहुधा कोठेच नसते. मराठवाडा १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता. २०२३ साली शासनाने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा वाचता येत नाहीत म्हणून अडगळीत पडलेल्या ह्याच कागदांचे मोल अनेकांस कळले.

म्हणून कागद निराळे ठेवावेत, दागिन्यांच्या आसपासही नव्हे. त्यांच्या छायाप्रती दुसऱ्या गावच्या नातलगाकडे द्याव्यात. मूळ कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून जमिनीपासून उंच असावेत, कारण बंद घरात वाळवी आणि गळके छत ही चोराहून शांतपणे काम करतात. बँकेचा लॉकर घेतल्यास उत्तम. तथापि तेथेही नियम जाणावा. रिझर्व्ह बँकेच्या १ जानेवारी २०२२ पासूनच्या नियमांप्रमाणे चोरी, आग वा नोकराच्या अपहाराबद्दल बँकेची जबाबदारी वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपर्यंतच आहे. भाडे दोन हजार असेल तर भरपाई फार तर दोन लाख.

इतके करूनही चोरी झालीच तर कशासही हात न लावता ११२ क्रमांकावर कळवावे. १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या कायद्यानुसार फिर्याद इलेक्ट्रॉनिक मार्गानेही देता येते, मात्र तीन दिवसांच्या आत तीवर सही करावी लागते; तिची प्रत फिर्यादीस विनामूल्य मिळते. ती प्रत ठाण्यातून निघण्यापूर्वीच वाचून पाहावी. दागिन्यांचे वजन लिहिण्याच्या गडबडीत कागदांचा उल्लेख राहून जातो, आणि पुढे तहसिलीत नक्कल मागताना नेमक्या त्याच ओळीची विचारणा होते.