वळणावर जुनी फियाट गचके का खाते? आधी पाहा, वळण डावे की उजवे!

धाराशिव : सपाट रस्त्यावर गाडी लोण्यासारखी चालते. तुळजापूरचा घाट सुरू होतो, एक जोरदार वळण येते आणि इंजिन गचके खाऊ लागते. वळण संपले की पुन्हा सगळे सुरळीत. प्रीमियर पद्मिनी, अॅम्बेसिडर किंवा कार्बोरेटरवाली मारुती 800 जपणाऱ्यांना हा अनुभव नवा नाही. बहुतेक वेळा प्लग बदलले जातात, पॉइंट घासले जातात, जेट मोठा केला जातो. दुखणे तिथेच राहते.

सोलापूर-येडशी महामार्ग चौपदरी झाला, तरी बालाघाट चढणे काही टळलेले नाही. कोजागरीच्या सुमारास याच वाटेने हजारो भाविक सोलापूरहून पायी तुळजापूरला निघतात. अशा रस्त्यावर ऐन वळणात इंजिन बंद पडणे धोक्याचेच. पद्मिनीचे स्टिअरिंग साधे, त्यामुळे ते जड होत नाही. पण ज्या गाड्यांना व्हॅक्यूमवर चालणारा ब्रेक बूस्टर आहे, त्यांचा ब्रेक इंजिन बंद पडल्यावर दोन-तीनदा दाबताच दगडासारखा होतो.

नेमके काय होते?

कार्बोरेटरला पेट्रोलची छोटी वाटी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. घरावरच्या पाण्याच्या टाकीतल्या बॉल कॉकसारखा तरंगता फ्लोट पातळी राखतो. पेट्रोल खाली गेले की नीडल उघडते, भरले की बंद होते. इंजिनने ओढलेल्या हवेच्या वाटेत एक बारीक नळी असते. तिचे तोंड या पातळीपेक्षा काही मिलिमीटरच वर असते. सगळे गणित या मिलिमीटरांवर उभे आहे.

आता 30 मीटर त्रिज्येचे वळण ताशी 40 किलोमीटरने घेतले असे समजा. आडवा रेटा गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 0.42 पट भरतो, म्हणजे पेट्रोलचा पृष्ठभाग जवळपास 23 अंशांनी कलतो. वाटी 6 सेंटिमीटर रुंद असेल तर एका कडेला पेट्रोल सव्वा सेंटिमीटर चढते, दुसऱ्या कडेला तेवढेच उतरते. जुनी गाडी वळणात बाहेरच्या बाजूला झुकते, त्याने कल आणखी वाढतो. ताशी 50 ला हाच कोन 33 अंशांवर जातो.

डाव्या वळणात पेट्रोल उजवीकडे सरकते. जेट वाटीच्या डाव्या अंगाला असेल तर तो उघडा पडतो, इंजिन उपाशी राहते आणि कार्बोरेटरमधून फट्‌ असा आवाज येतो. उजव्या वळणात उलटे घडते. पेट्रोल नळीतून वर येऊन सांडते, काळा धूर निघतो आणि वास येतो. मेकॅनिकच्या भाषेत ‘ओव्हर’ होते. म्हणून गॅरेजमध्ये पहिला प्रश्न हाच हवा : त्रास डावीकडे होतो की उजवीकडे?

दोन्हीकडे होत असेल तर?

मग संशय वाटीच्या मागे न्या. टाकीत पेट्रोल कमी असेल तर वळणात पंपाची नळीच हवा ओढते. टाकी भरून तेच वळण पुन्हा घेऊन पाहा, यापेक्षा स्वस्त तपासणी नाही. त्यानंतर फिल्टर आणि पंपाचा डायफ्राम. घाट चढताना पेट्रोल जास्त लागते, पंप अशक्त असेल तर वाटी आधीच अर्धी झालेली असते आणि वळण फक्त निमित्त ठरते.

आणखी एक चकवा असतो. इंजिनचे रबरी माउंटिंग बसले असेल तर वळणात इंजिन हलते आणि डिस्ट्रिब्युटरची सैल वायर सुटते. ओळखायचे कसे? करंट गेला की इंजिन बटण दाबल्यासारखे गप्प होते. पेट्रोल कमी पडले तर गचके खात मरते.

दुरुस्ती कोणत्या क्रमाने?

फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल खळखळले तर तो फुटला आहे. नीडलच्या टोकावर गोल खाच पडली असेल तर नीडल आणि सीट जोडीनेच बदला. मग पातळी त्या मॉडेलच्या मॅन्युअलप्रमाणे लावा. फ्लोटची जीभ किंचित वाकवून ती बदलते. इथे हात आवरावा लागतो. पातळी 2 मिलिमीटर वाढवली की उपाशी राहणे कमी होते, पण उलट्या वळणावर ओव्हर होण्याचा धोका वाढतो. जादा दाबाचा इलेक्ट्रिक पंप बसवण्याचा जुगाडही असाच उलटतो. तो नीडलला ढकलून वाटी भरतच राहतो.

20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलनेही भर घातली आहे. उसाच्या जिल्ह्याला इथेनॉल परके नाही, पण जुन्या रबराला आहे. पाइप आणि डायफ्राम फुगतात, कचरा सुटून जेटमध्ये अडकतो. शिवाय साध्या पेट्रोलला वजनाने सुमारे 14.7 पट हवा लागते, इथेनॉलला 9 पटच. म्हणजे जुन्या मापाच्या जेटवर मिश्रण आधीच पातळ झालेले असते, वळणात ते आणखी पातळ होते. इथेनॉल चालेल असे पाइप आणि पॅकिंग बसवणे हा खर्च टाळण्यासारखा नाही.

हे दुखणे विमानांनाही झाले होते. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश स्पिटफायरने झटक्यात नाक खाली केले की कार्बोरेटरमधले पेट्रोल वर उसळे आणि मर्लिन इंजिन अडखळे. जर्मन विमानांत इंजेक्शन होते, ती सहज निसटत. बिएट्रिस शिलिंग या अभियंता महिलेने 1941 मध्ये पेट्रोलच्या वाटेत नेमक्या मापाच्या भोकाची छोटी चकती बसवली. पूर्ण इलाज नव्हता तो, पण वैमानिकांची मोठी अडचण दूर झाली. इंजिन न बदलता, प्रवाह मोजून केलेले हे काम होते.

घाटात वास आला आणि काळा धूर दिसला तर पुढचे वळण गाठायचा हट्ट नको. अनेक जुन्या इंजिनांत कार्बोरेटरच्या खालीच तापलेला एक्झॉस्ट असतो. गाडी कडेला घ्या, इग्निशन बंद करा आणि सांडलेले पेट्रोल पूर्ण उडेपर्यंत सेल्फ मारू नका.