मल्लखांब : चढण्यापूर्वीं उतरण्याची विद्या

ज्या घरांत वाढतीं मुलें आहेत, त्या घरांत हल्लीं एक नवा प्रश्न पुढें येऊं लागला आहे. मोबाइलच्या पडद्यावर कोणी मुलगा उभ्या खांबाला नुसत्या मांड्यांनीं वेढून डोकें खालीं व पाय वर असा लोंबकळतो. कोणी मुलगी दोरीच्या वेटोळ्यांत निजल्यासारखी विसावते. तें पाहून घरांतील दहा-बारा वर्षांचीं मुलें ‘आम्हीहि हें शिकणार’ असा हट्ट धरतात. आजी म्हणते, हातपाय मोडून बसाल. वडील म्हणतात, आधीं परीक्षा होऊं दे. आणि थोरला चुलतभाऊ कोणासहि न विचारतां माजघरांतील झोपाळ्याच्या कडीला दोरी बांधून मोकळा होतो! यांपैकीं आजीचें भय निराधार नाहीं, परंतु पुरतें खरेंहि नाहीं. खरा धोका आहे तो या चुलतभावाच्या उत्साहांत. मल्लखांब ही विद्या धोक्याची नसून उतावीळपणा धोक्याचा आहे. आणि त्या उतावीळपणास आळा घालणारे नियम मुलांइतकेच घरांतील वडील मंडळींनींहि जाणून घेणें अवश्य आहे.

या विद्येचें कुळ जुनें आहे. ‘मल्ल’ हा शब्द संस्कृतांत जसाच्या तसा आहे, आणि ‘खांब’ हा प्राकृतांतून आलेला शब्द. कल्याणीच्या चालुक्य वंशांतील सोमेश्वर राजानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथांत मल्लांच्या व्यायामांमध्यें स्तंभावरील श्रमाचा उल्लेख येतो. पुढें मागें पडलेल्या या व्यायामास नवें जीवन दिलें तें दुसऱ्या बाजीराव पेशव्यांच्या पदरीं असलेल्या बाळंभटदादा देवधरांनीं. निजामाकडून आलेल्या दोन बलाढ्य मल्लांचें आव्हान त्यांनीं स्वीकारलें, सप्तशृंगीच्या स्थानीं उपासना केली, आणि मारुतिरायाच्या दृष्टांतानें त्यांना मल्लखांबाचे डाव सुचले, अशी परंपरागत कथा आहे. कथेंतील दृष्टांताविषयीं ज्याची त्याची श्रद्धा. परंतु ज्या प्रतिस्पर्ध्याशीं रोज झुंजतां येत नाहीं, त्याच्या जागीं खांब उभा करून पकडींचा अभ्यास करावा, ही त्यामागील युक्ति मात्र अगदीं व्यवहारांतील आहे.

१९३६ सालीं अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या चमूनें बर्लिन ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळांचे प्रयोग करून दाखविले, त्यांत मल्लखांबहि होता. २०१३ सालीं मध्य प्रदेशानें त्यास राज्याच्या खेळाचा मान दिला. २०१९ सालीं मुंबईंत शिवाजी पार्कवर पहिली जागतिक स्पर्धा झाली. आणि दादरच्या श्री समर्थ व्यायाम मंदिराचे ज्येष्ठ प्रशिक्षक उदय देशपांडे यांचा २०२४ सालीं पद्मश्रीनें गौरव झाला. सारांश, हा डोंबाऱ्याचा खेळ नव्हे. शिस्तीनें शिकविली व शिकली जाणारी ही विद्या आहे.

मल्लखांबाचे प्रकार मुख्यत्वें तीन. पहिला पुरलेला : सागाचा किंवा शिसवीचा, जमिनीवर आठ-नऊ फूट उंच, बुडाशीं जाड व वर निमुळता होत गेलेला खांब. त्याच्या खालच्या भागास अंग, वरच्या अरुंद भागास मान व टोंकाच्या गोळ्यास बोंड म्हणतात. दुसरा टांगता : आंखूड खांब सांखळीनें टांगलेला, म्हणून हलता व अधिक कठीण. तिसरा दोरीचा, पूर्वीं याच जागीं वेत वापरीत. दोरीवर पायाचा आंगठा व त्याशेजारील बोट यांच्या चिमटींत दोरी धरावयाची असते. नवशिक्यानें टांगत्याच्या वाटेस जाऊंच नये. आरंभ पुरलेल्या खांबावर किंवा दोरीवर करावा.

पाश्चात्य देशांत व आतां आपल्या मोठ्या शहरांतहि धातूच्या गुळगुळीत दांड्यावर ‘पोल डान्स’ शिकविला जातो. त्याचा पूर्वेतिहास मद्यगृहांशीं जोडलेला असल्यानें पुष्कळ जण नाक मुरडतात. परंतु त्यांतील व्यायामाच्या अंगास २००९ सालीं स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय संघटनेनें स्पर्धेचें रूप दिलें, आणि तो करणाऱ्यांस लागणारें बळ व चिकाटी नाकारतां येणार नाहीं. येथें त्याचा उल्लेख एवढ्याचसाठीं, कीं एकाचा नियम दुसऱ्यास लावल्यास घात होतो. धातूच्या दांड्यावर कोरड्या त्वचेची पकड बसते. म्हणून तेथें अंगास तेल वा मलम लावणें वर्ज्य. मल्लखांबास उलट एरंडेल चोळतात, कारण लांकडावर कोरडें अंग घांसलें तर कातडी सोलून निघते. तेल किती, हें मात्र गुरूनें ठरवावें. अधिक झालें तर पकड सुटते.

आतां मुख्य विषय. नवशिक्याची काळजी चार ठिकाणीं घ्यावयाची असते : स्थळ, शरीर, धडा व दुखणें.

स्थळाची परीक्षा पालकांनीं स्वतः जाऊन करावी. खांब घट्ट पुरलेला असावा, हातानें ढकलला असतां तसूभरहि हलूं नये. त्यास चीर किंवा कुसळ नसावें. सभोंवार भुसभुशीत मातीचा हौद किंवा जाड गाद्या असाव्यात, आणि जवळपास भिंत, बांक, दगडी पायरी असें कांहीं नसावें. दोरीचा मल्लखांब असेल तर दोरीचे पीळ उसवलेले नाहींत ना व वरची कडी झिजलेली नाहीं ना, हें रोज पाहिलें जातें कीं नाहीं, तें विचारावें. झोपाळ्याची कडी व पंख्याचा हूक यांस दोरी बांधूं नये. झोपाळ्यावर बसलेल्या माणसाचा भार व झोक्यानें उलटणाऱ्या शरीराचा हिसका यांत फार अंतर आहे. हिसक्याचा जोर स्थिर वजनाच्या कितीतरी पट होतो. शिवाय कडी टिकली तरी खालीं असते ती शहाबादी फरशी!

स्थळाहून महत्त्वाचा गुरु. त्याची ओळख त्याच्या शिष्यांच्या मनोऱ्यांवरून करूं नये. नवीन आलेल्या मुलाजवळ तो कोठें उभा राहतो, यावरून करावी. चांगला शिक्षक नवशिक्याच्या अंगालगत उभा असतो. एक हात कमरेशीं, दुसरा खांद्याशीं. जो दूर खुर्चीवर बसून हुकूम सोडतो, त्याच्या हातीं मूल देऊं नये. आणि पडद्यावरील गुरु कितीहि निष्णात असला तरी निसटणाऱ्या मुलाच्या पाठीखालीं त्याला हात घालतां येत नाहीं.

शरीराविषयीं. सहा-सात वर्षांपासून पुढें हा व्यायाम शिकतां येतो. प्रौढ स्त्रीपुरुषांनाहि सावकाश शिकण्यास हरकत नाहीं. परंतु यांत डोकें खालीं करावें लागतें, म्हणून ज्यांस रक्तदाब, काचबिंदु, अपस्मार, भोंवळ किंवा मानेच्या मणक्यांचा विकार आहे, ज्यांचा खांदा पूर्वीं निखळला आहे, किंवा ज्यांचें हाड नुकतेंच मोडलेलें आहे, त्यांनीं डॉक्टरांच्या संमतीवांचून खांबास हात लावूं नये. गर्भवती स्त्रीनें नवा आरंभ करूं नये. मासिक धर्माच्या दिवसांत मुलीस बरें वाटत असेल तर व्यायामास वैद्यकाची आडकाठी नाहीं. तो निर्णय तिचा तिनें करावा.

भरल्या पोटीं खांबावर चढूं नये; जेवणानंतर निदान तीन तास जाऊं द्यावेत. आंगठी, घड्याळ, सांखळी, गंडा, बांगड्या, कानांतील डूल सर्व काढून ठेवावें, केंस घट्ट बांधावे, नखें कापावीं. पोषाख अंगालगत व आंखूड असावा. सैल कपडा सरकतो, अडकतो, आणि त्वचेची पकड होऊं देत नाहीं. पहिले पंधरा-वीस मिनिटें अंग तापविण्यांत घालवावीं : सूर्यनमस्कार, थोडे दंड व बैठका, मनगट व खांदे फिरविणें, आडव्या दांडीस लोंबकळणें, आणि मऊ जागीं कोलांट्या. कोलांटीचा येथें विशेष उपयोग आहे. पडतांना माणूस स्वभावतःच हात ताठ पुढें करतो, आणि मनगट व कोपर यांचीं हाडें त्यामुळेंच मोडतात. अंग गोळा करून कसें लोळावें हें ज्याला सरावानें अंगवळणीं पडलें, तो पडला तरी बहुधा निभावतो.

पहिला धडा पकडीचा. खांब दोन्ही हातांनीं कवळावा, गुडघे व तळपाय त्यावर दाबावे, हातभर वर चढावें आणि तसेंच हळूहळू खालीं यावें. हें निरस वाटतें. पण आठवडा-दोन आठवडे हेंच करावें. मग अढी. खांब कवळून पाय झोक्यानें वर न्यावयाचे, मांड्या व पाय यांचा खांबास कातरीसारखा विळखा घालावयाचा, आणि डोकें खालीं ठेवून स्थिर व्हावयाचें. मांडीचे स्नायु हातापेक्षां फार बळकट असल्यामुळें ही पकड एकदां बसली कीं विश्वासाची असते. परंतु खरी परीक्षा येथूनच पुढें आहे. उलटें लोंबकळणारें मूल घाबरलें कीं प्रथम पायच सैल सोडतें, आणि मग मानेवर येतें. म्हणून अढी बांधण्यापूर्वीं अढी सोडणें शिकवावें : आधीं हातांनीं खालचा खांब घट्ट धरावा, भार हातांवर आला याची खात्री करावी, मगच पाय मोकळे करून एकेक खालीं आणावा. वरून उडी टाकूं नये. टेंकतांना गुडघे किंचित् वांकलेले असावे.

या विद्येचा सारा गाभा एका सूत्रांत सांगतां येईल : दुसरी पकड बसल्याखेरीज पहिली सोडावयाची नाहीं. बगली, दसरंग, तेढी, फिरकी, सुईदोरा असे पुढले सारे डाव याच सूत्राचा विस्तार होत. प्रत्येक डाव उजवीकडून जितका, तितकाच डावीकडून करावा, म्हणजे अंग एका बाजूस ओढलें जात नाहीं. आणि दमल्यावर ‘आणखी एकदां’ करूं नये. थकलेल्या हाताची पकड मनास न कळतां ढिली होते.

शिक्षकाच्या व्यवसायांत असतांना एका गांवीं पाहिलेला प्रसंग येथें सांगण्याजोगा आहे. शाळेच्या संमेलनास तीन दिवस उरले असतां, पाहुण्यांना कांहीं विशेष दिसावें म्हणून एका चपळ मुलास न घोटलेला नवा डाव कार्यक्रमांत घालावयास लावलें. ऐन प्रयोगांत त्याची पकड सुटली व कोपर निखळलें. मुलगा बरा झाला; पण पुढें दोन वर्षें त्या गांवांतील एकाहि आईनें आपलें मूल आखाड्यांत पाठविलें नाहीं. टाळ्यांच्या हव्यासापायीं एक कोपर गेलें, आणि त्यासोबत पन्नास मुलांचा व्यायामहि बुडाला.

आतां दुखण्याविषयीं. आरंभीं मांड्या व पोटऱ्यांच्या आंतील बाजूस कातडी लाल होणें, निळे डाग पडणें, स्नायु एक-दोन दिवस ठणकणें, हें स्वाभाविक आहे. परंतु सांध्यांत एकाएकीं तीव्र कळ, सूज, हातापायांस मुंग्या, बधिरपणा किंवा भोंवळ ही सूचना समजून तत्काळ थांबावें. लहान मुलांच्या हाडांचीं टोंकें वाढीच्या अवस्थेंत कोंवळीं असतात. त्यांचें दुखणें ‘सवय होईल’ म्हणून दडपूं नये. आणि कोणी डोक्यावर किंवा मानेवर पडलें तर त्यास उठवूं नये, बसवूं नये, मान फिरवूं नये, तेल लावून चोळूं नये. हाडवैद्यास तर मुळींच बोलावूं नये. मान व धड आहे त्याच स्थितींत ठेवून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी. घाईनें उचलण्यांतच मज्जारज्जूस कायमची इजा होण्याचा संभव असतो.

शेवटचा मुद्दा मुलींचा. पुष्कळ घरांत मुलगा पडला तर ‘बरें होईल’ आणि मुलगी पडली तर ‘पुढें कसें होईल’, असें म्हणण्याची रीत अद्यापि गेलेली नाहीं. पडण्याचे नियम दोघांस सारखेच आहेत, आणि न पडण्याचेहि. दोरीच्या मल्लखांबावर आज मुली मोठ्या संख्येनें प्रावीण्य मिळवीत आहेत, खांबावरहि त्यांचे प्रयोग होतात. उंचीवर उलट्या टांगलेल्या स्थितींत श्वास शांत ठेवून पुढची पकड शोधण्याची संवय ज्या मुलीस लागली, तिला संसारांतल्या व व्यवहारांतल्या उलथापालथींचें भय निश्चित कमी वाटेल.

तेव्हां घरच्या वडील मंडळींस विनंति एवढीच कीं, मुलाच्या हट्टास नकार देण्यापूर्वीं एक दिवस त्याचें बोट धरून जवळच्या व्यायामशाळेंत जावें, तासभर नुसतें बसून पाहावें, आणि गुरुजींना एकच प्रश्न विचारावा : ‘आपण मुलांना आधीं काय शिकवितां?’ उत्तर ‘उतरावयास’ असें आलें, तर निःशंक मनानें नांव घालावें. आणि घरीं परत आल्यावर झोपाळ्याच्या कडीची दोरी तेवढी सोडून ठेवावी.